चौकातला फळा

फळ्यासमोर घोळका जमलेला द्रौपदाबाईंनी समोरच्या ओट्यावरून पाहिला. घोळक्यातून हसण्याचा आवाज आला तशा त्या उठल्या.

वाचनालयाचा तो फळा त्यांनी आणि आधार शिंप्यांनी वर्षानुवर्षं हौसेनं सांभाळला होता. नळ कधी येणार, कोण वारलं, कोणाची गाय हरवली, कुठली गटार तुंबली. कोणी काहीही सांगितलं की आधी खातरजमा करायची, मगच लिहायचं. शिवीगाळ, चहाडी, कोणाच्या घरातली भानगड दिसली की पुसून टाकायची. मग बन्सीलालशेठ वाचनालयाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या कापसाच्या जिनिंगचं आणि तेलगिरणीचं घाण पाणी खालच्या गल्लीतल्या विहिरीत उतरतं, असं फळ्यावर आलं आणि दुसऱ्याच दिवशी भिंतीला नवा नियम चिकटला. अध्यक्षांच्या सहीशिवाय काही लिहू नये, लिहिलेलं पुसू नये.

द्रौपदाबाईंनी खडू वाचनालयाच्या निंबा शिपायाच्या हातात ठेवले. नियम जाईपर्यंत फळ्याला हात लावायचा नाही असं ठरवून त्या आणि आधारभाऊ रोज सकाळी समोरच्या ओट्यावर येऊन बसू लागले. फळ्यावर शेठच्या सरकी पेंडीची जाहिरात तेवढी राहिली.

आज त्या जाहिरातीखाली कोणीतरी भलंमोठं खरडलं होतं. भागाबाईची पुष्पा जळगावला कॉलेजला जाते की आणखी कशाला, असा सवाल, आणि पुढे एका पोराचं नाव.

पुष्पा पलीकडे थांब्यावर उभी होती, वह्या छातीशी धरून. तिनं वाचलं होतं. घरी परत जावं की गाडीची वाट पाहावी, हे तिला उमगत नव्हतं.

"निंबा, पुस ना ते. पोरनं नाव शे," द्रौपदाबाई फळ्यापाशी येऊन म्हणाल्या.

"सही बिगर पुसता येत नई, अक्का. शेठ जिनिंगवर शेतस. मनी नोकरी जाई."

आधारभाऊ मागून आले. हलक्या आवाजात म्हणाले, "अक्का, आपला हात लागना की शेठ म्हनतीन, आलात वळणावर."

द्रौपदाबाई क्षणभर थबकल्या. इतके दिवस उन्हात बसून धरलेला हट्ट एका हातासरशी जाणार होता. घोळक्यात पुन्हा कोणीतरी खिदळलं.

त्यांनी पदर हातात घेतला आणि फळ्यावर फिरवला. पोरीचं नाव पुसलं, पोराचं पुसलं, सवाल पुसला. हात थांबला नाही. पेंडीची जाहिरातही गेली.

तेवढ्यात कोणीतरी बोलावून आणलेले शेठ व्हॅनमधून उतरले.

"बाई, कोणाला विचारून पुसलं?"

"कोणालाच नाही."

"नियम वाचता येतो ना तुम्हाला?"

"वाचता आला म्हणूनच त्या ओट्यावर बसले होते. इथं पोरीचं नाव वाचून लोक हसत होते, तेव्हा तुमची सही कुठं होती?"

हसणारे आता जमिनीकडे पाहू लागले. शेठनी चौकावरून नजर फिरवली आणि आवाज खाली आणला.

"बरं, झालं ते झालं. आता हात लावलाच आहे, तर लिहा पहिल्यासारखं. तुमचं ते आंदोलन मिटलं असं समजू आपण."

त्यांनी खूण केली. निंबानं खडू पुढे केला.

द्रौपदाबाईंनी तो घेतला नाही. "मी पुसायला आले होते, शेठ. लिहायला नाही."

जळगावची गाडी येऊन थांबली. पुष्पा धावत जवळ आली. "मावशी, आज घर जाऊ का?"

"घर कशाले? गाडीमा बठ."

पुष्पा चढली. खिडकीशी बसली आणि काच उघडली. गाडी घोळक्याजवळून गेली तेव्हा ती सरळ लोकांकडे पाहत होती.

खडूनं पांढरा झालेला पदर झटकत द्रौपदाबाई ओट्यावर परत गेल्या. आधारभाऊंनी सरकून जागा दिली. कोऱ्या फळ्यापुढे शेठ उभेच होते.

खालच्या गल्लीतल्या दोघी लांबच्या हापशीवरून पाणी घेऊन चालल्या होत्या. त्या थांबल्या. एकीनं डोक्यावरची कळशी उतरवून ओट्याशी ठेवली.

"सरक वं अक्का जराशी," ती म्हणाली, "आमी बी बठतस."