न पिणारा माणूस

"तुम्ही पिता का हो, मालक?"

गॅरेजवाल्याची बायको बारच्या दारात उभी होती. सकाळची वेळ. खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या, फरशी ओली होती आणि मालक काउंटरमागे ग्लास पुसत होता. तिला येताना पाहूनच त्याने मनात नेहमीचं उत्तर जुळवून ठेवलं होतं. अशा बायका अधूनमधून यायच्याच. कुणी रडायची, कुणी शिव्यांची लाखोली वाहायची. तो कधी आवाज चढवायचा नाही. शांतपणे म्हणायचा, "वहिनी, मी कुणाला हात धरून आणत नाही. मी नाही दिली तर पलीकडचा देईल."

पण हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता.

"नाही," तो म्हणाला. "थेंबसुद्धा नाही. कधीच नाही."

"मग चला माझ्याबरोबर. पहाटेपासून यांना रक्ताच्या उलट्या होतायत. होतं तेवढं रक्त लावून झालं. रक्तपेढीवाले म्हणतात, बदल्यात कुणीतरी द्या, कुठल्याही गटाचं चालेल, मग पुढची पिशवी देतो."

"अहो पण त्याचे दोस्त? रंगारी, विमेवाला? रोज एका टेबलावर बसतात ते."

"सगळे आले. बिचारे होते तसे धावत आले. एकालाही घेतलं नाही. रात्रीची उतरलेलीच नाही कुणाची. मग मला तुमची आठवण झाली."

मालकाने फडकं खाली ठेवलं. वेटरला दुकान बघायला सांगून त्याने स्कूटर काढली.

रक्तपेढीबाहेरच्या बाकावर दोस्तमंडळी ओळीने बसली होती, वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखी. रंगारी उठून उभा राहिला. "या मालक, आता तुमच्यावरच भिस्त. मी नुसतं तोंड उघडलं, तर आतली नर्स म्हणते, काका, तुम्ही जरा खिडकीपाशी बसा."

कुणी हसलं नाही. विमेवाला तर मान वर करायला तयार नव्हता. तिथल्या डॉक्टरने त्याला रक्त देणं राहू दे, आधी स्वतःचं तपासून घे, असं सांगितलं होतं. त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. मालक त्याला रोज बघायचा, पण बारच्या मंद दिव्यांत ते कधी लक्षात आलं नव्हतं.

मालकाचं रक्त लगेच घेतलं. बाटल्यांमध्ये उभा असणारा हा माणूस कधी पीत नाही, याचं तिथल्या नर्सला कोण कौतुक! "असे लोक आता शोधून सापडत नाहीत," ती म्हणाली. मालक लाजला.

दुपारी गॅरेजवाल्यावर उपचार करणारा डॉक्टर बाहेर आला. आत फुटलेली शीर बांधली होती, रक्त थांबलं होतं. "या खेपेला निभावलं," तो म्हणाला. "पण यकृतात आता काही राहिलेलं नाही. यापुढे घोटभरही पोटात गेली, तर माझ्याकडे आणून उपयोग नाही. एकदा वॉर्डात फिरून या. निम्म्या खाटा याच दुखण्याच्या आहेत."

बाईने भिंतीला पाठ टेकली आणि खाली बसून पोटभर रडून घेतलं. मग तोंड धुतलं, कॅन्टीनमधून चहा आणला आणि पहिला कप मालकाच्या हातात दिला.

"तुमच्या नावाने आजवर किती बोटं मोडली असतील मी," ती म्हणाली. "आणि वेळेला धावून आलात ते तुम्हीच. भावानेसुद्धा केलं नसतं एवढं."

"असू द्या हो, वहिनी. एवढं काय त्यात."

पण त्याला बरं वाटलं. त्याच्या धंद्यात कुणाच्या बायकोकडून असे शब्द ऐकायला मिळत नाहीत. तो बाकावर जरा ऐसपैस बसला. कोपराच्या खळगीत चिकटवलेला कापूस त्याने एकदा चाचपून पाहिला.

"एक विचारू?" बाई त्याच्याशेजारी टेकली. तिचा आवाज आता पुष्कळ मोकळा झाला होता. "दिवसभर त्या वासात उभे असता. रोज आग्रह करणारे समोर असतात. तरी कधी चव बघावीशीही वाटली नाही?"

मालक हसला. त्याने चहाचा घोट घेतला. सहसा तो हे कुणाला सांगायचा नाही, पण आज सांगावंसं वाटलं.

"आमचे वडील त्यातच गेले, वहिनी. असंच रक्त पडून. मी शाळेत होतो. आई डॉक्टरला आणायला पळाली, आणि मी त्यांच्या तोंडापुढे परात धरून बसलो होतो. ती भरली, तरी ते थांबेनात. आई परत येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्या दिवशीच ठरवलं, या विषाला आपण हात लावायचा नाही."

बाईने आपला कप बाकावर ठेवला.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.