चाळीस खुर्च्या

संपाच्या मंडपात खुर्च्या चाळीस होत्या आणि माणसं अकरा. बाकीचे सकाळीच हजेरीपटावर सही करून आपापल्या बांधीत धान कापायला गेले होते. न्याय्य मागण्यांसाठी लढा चालू होता.

"भाऊ साकोलीवरून निघाले," मोबाइल खिशात टाकत भुपेंद्र म्हणाला. तो तहसील कचेरीतला कारकून आणि कर्मचारी संघटनेचा तालुकाध्यक्ष. भाऊ म्हणजे आमदारकीचे उमेदवार. जो जुनी पेन्शन देईल त्याला संघटनेची मतं, असं ठरलं होतं. तालुक्यात हजार कर्मचारी, दर घरी पाच मतं, असा हिशेब भुपेंद्रनं भाऊंना फोनवर ऐकवला होता. हजारात दोनशे पदं रिकामी होती. तीही त्यानं धरली होती.

त्यानं रिकाम्या खुर्च्यांकडं पाहिलं, मग कचेरीच्या बंद दाराकडं. दारापुढच्या पायऱ्यांवर तीसेक माणसं बसून होती. कोणाचा उत्पन्नाचा दाखला अडला होता, कोणाचा जातीचा.

"काहून उन्हात बसले जी? मंडपात या. भाऊ येऊन राहिले, तुमच्या कामाचं पाहू."

सगळे उठून आले. भुपेंद्रनं 'जुनी पेन्शन' लिहिलेल्या टोप्या वाटल्या. त्यांच्यातल्या सत्यभामाबाईला पहिली रांग मिळाली, कारण पांढरे केस फोटोत बरे दिसतात. म्हातारी निराधार योजनेच्या पैशावर जगत होती. आपण जिवंत आहोत असा दाखला देण्याची आज शेवटची तारीख होती, नाहीतर नाव कटणार होतं. त्या दाखल्यावर मारायचा शिक्का भुपेंद्रच्या पँटच्या खिशात होता. संपात कोण्या फितुरानं वापरू नये म्हणून तो शिक्का सोबतच घेऊन हिंडत होता.

"बाबू, माह्या कागदाचं?"

"आधी इथं आंगठा लावा." त्यानं उमेदवाराला पाठिंब्याची यादी पुढं केली आणि तिच्या नावापुढं आजची तारीख टाकली. हाच आपला कागद समजून तिनं अंगठा लावला.

भाऊ आले. हार गळ्यात पडेपर्यंत त्यांनी नजरेनंच खुर्च्या मोजल्या. समाधान झालं तेव्हा पहिल्या रांगेपाशी वाकले.

"माय, नोकरी किती वर्षं केली?"

"जलमभर धानाचे रोवणेच केले जी, लोकाच्या बांधीत."

"कृषी खातं, भाऊ," भुपेंद्र म्हणाला.

भाऊंनी तिचा हात वर धरला. "या मायची पेन्शन मी आणतो." फोटो निघाला. ज्यांचे दाखले अडले होते त्यांनीच सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. पाठिंब्याची यादी घेऊन गाडी भंडाऱ्याकडं निघून गेली.

भुपेंद्र टोप्या गोळा करू लागला. भाऊंची पुढची सभा दुसऱ्या तालुक्यात होती, टोप्या तिथंही लागणार होत्या. पायरीवरची माणसं पुन्हा पायरीवर जाऊन बसली. सत्यभामाबाई खुर्चीतच राहिली.

"आता मारा शिक्का, बाबू."

"संप आहे आजी. संप मिटला का या."

"आज तारीख सरते ना जी. मंग नाव कटते."

"थे सरकारले विचारा. सरकारच ऐकून नाही राहिलं."

"मघा माहा आंगठा घेतला ना तुमी? आजची तारीखबी टाकली. मेलेल्या बाईचा घेतला का?"

दोघं-तिघं हसले. भुपेंद्र हसला नाही.

"थे पाठिंब्याची यादी होती. भाऊ घेऊन गेले."

गाडीची धूळ अजून खाली बसली नव्हती. म्हातारी तिकडं पाहत राहिली.

"म्हणजे मी जिती आहो, हे भंडाऱ्याले गेलं म्हणा."

भुपेंद्रचा एक हात खिशात होता, शिक्क्यावर. दुसरा त्यानं पुढं केला.

"आजी, टोपी."