झापडांखालची नदी

छोट्या कंपनीच्या वैमानिकांनाही दरवर्षी उजळणीच्या परीक्षेत पास व्हावं लागतं, नाहीतर उड्डाण बंद: डोळ्यांवर झापडं लावून, बाहेर न बघता, यंत्रांच्या काट्यांवरूनच विमान सरळ ठेवायचं. झहीर मात्र कित्येक वर्षं झापडांखालून हळूच उल्हास नदी बघून निभावत आलेला. यंदा परीक्षक म्हणून बाजूला बसली सिद्रा, त्यानंच शिकवलेली शेजाऱ्यांची पोर. “वा चाचा, हात अजून तसाच हाय!” तो सुखावला. कर्जत मागे पडलं, घाटातला ढग आला आणि खालची नदी पुसली गेली. विमान कलत गेलं, तरी त्याला ते सरळच वाटत होतं. “सोडा, चाचा.” तिनं विमान सावरून उन्हात आणलं. “बाहेर बघितलं म्हणून मला ओरडायचात ना तुमी? आज पास नाय करत. उद्यापासून मी शिकवते. काढा ती झापडं.” त्यानं ती आणखी खाली ओढली, खालची फट पार बुजेपर्यंत.