येते मी

भोंगा थांबेचना. महिन्यातून एकदा चाचणीचा वाजतो तो दोन-चार मिनिटांत गप्प होतो. हा वाजतच राहिला, आणि लेकीच्या शाळेच्या जेवणघरात हौसेने मदतीला येऊन दूध वाटणाऱ्या रेणूच्या हातातला खोका खाली पडला.

अमेरिकेतल्या या गावाच्या डोक्यावर रेनिअर. बर्फाखाली झोपलेला ज्वालामुखी. तो तापला की बर्फ वितळतं आणि अख्खा डोंगर चिखल होऊन खोऱ्यात उतरतो. गावाच्या हातात जेमतेम चाळीस मिनिटं. हे इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. शिक्षिकांनी मुलांच्या रांगा केल्या आणि टेकडीची वाट धरली. रेणूने लेकीचा, आठ वर्षांच्या अनन्याचा हात पकडला आणि चालता चालता घरी फोन लावला.

घरी सासूबाई एकट्या होत्या. शैलजाबाई, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेल्या. दोन्ही गुडघे कामातून गेलेले. घर नदीकाठी, टेकडीपासून दोन मैल. नवरा, अनुप, ऑफिसच्या कामाला सांता क्लाराला गेलेला.

"आई, घरातच थांबा. मी गाडी घेऊन येते."

"अजिबात यायचं नाही," शैलजाबाई म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता. "अनन्याचा हात सोडू नकोस. येते मी."

फोन बंद झाला. परत लावला तर लागेना.

येतायत म्हणजे कुणीतरी गाडीत घेतलं असणार. शेजारीपाजारी चांगले आहेत. रेणूने अनुपला मेसेज टाकला, आई येतायत, आणि मग टेकडीवर पोचल्यावर ती रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. प्रत्येक गाडीत ती डोकावून बघत होती. पांढरे केस दिसले की दोन पावलं पुढे, मग परत मागे.

वीस मिनिटं गेली. तीस गेली. वरच्या बाजूने घरघर ऐकू यायला लागली, बारीक राख भुरभुरायला लागली, आणि पायाखालची माती थरथरली. अनन्या आईला चिकटून विचारत होती, "व्हेअर इज आजी?" येतेय गं, येतेय, रेणू म्हणत राहिली. सकाळीच तिने सासूबाईंना कुकरच्या शिट्ट्यांवरून फाडकन बोलून टाकलं होतं. घरून ऑफिसची मीटिंग चालू होती यार, दुसरं काही नाही. आता तेच शब्द तिला राहून राहून आठवत होते.

शेवटची गाडी वर आली. पोलिसाने रस्ता अडवला. रेणूने त्याच्या पाया पडायचंच तेवढं बाकी ठेवलं. त्याने मान हलवली, खाली कुणालाच सोडता येणार नाही.

चिखल आला नाही. म्हणजे आला, पण गावाच्या वर दोन मैलांवर, सपाटीत पसरून थांबला. दुपार कलल्यावर रस्ता उघडला. रेणू लेकीला घेऊन घराकडे धावतच सुटली.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत देवापुढे दिवा तेवत होता. घासलेला कुकर ओट्यावर पालथा घातलेला. सासूबाईंचे चालायचे बूट कपाटाशी तसेच, सकाळी ठेवले होते तसे. आणि शैलजाबाई खुर्चीत बसल्या होत्या, ठेवणीतली साडी नेसून, केस नीट विंचरून, मांडीवर अनुप, रेणू आणि अनन्याचा फोटो.

रेणू तिथेच त्यांच्या पायाशी बसली. रडावं की भांडावं ते तिला कळेना.

"तुम्ही येते म्हणालात ना, आई? मी प्रत्येक गाडी बघत होते."

शैलजाबाईंनी तिच्या केसांवरची राख हलकेच झटकली.

"मग काय म्हणणार होते गं?" त्या म्हणाल्या. "निघताना कुणी 'जाते' म्हणतं का?"