हमीदा बेकरीचा बोर्ड

करंजपूरच्या पेठेतले डिजिटल बोर्ड बघणाऱ्याचे डोळे वाचायचे आणि ज्याला जे आवडेल ते नाव दाखवायचे. ती सगळी योजना उज्ज्वला कुंभारच्या डिझाइन स्टुडिओने बोर्ड कंपनीसाठी आखली होती.

एका दुपारी बेकरीवाले याकूबचाचा तिच्यासमोर येऊन बसले.

"बेकरी माझ्या अम्मीच्या नावाची. अन् शेजारचे देसाई म्हणतात, बोर्डावर 'आनंद बेकरी' लिहिलंय."

"ते नाव बघूनच ते आत येतात, चाचा. विक्री दुप्पट झाली ना?"

"झाली. अम्मीचं नाव पुसून झाली."

उज्ज्वलाने कॉलेजातला ब्रश शोधला, पत्रा आणवला आणि बेकरीसमोर स्टुलावर चढून लाल ऑइलपेंटने 'हमीदा बेकरी' रंगवलं. देसाईंनीही तेच वाचलं. क्षणभर थांबले, आणि पाव न घेताच गेले.

"जाऊ दे त्यांना," चाचा म्हणाले.

तेवढ्यात बोर्ड कंपनीचा माणूस आला. "न बदलणाऱ्या बोर्डाला बंदी आहे. कुणी रंगवला हा? त्याचा धंदा बंद करू."

उज्ज्वलाने ब्रश पुन्हा रंगात बुडवला आणि जुने पेंटर लिहायचे तसं, बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात आपलं नाव लिहिलं. खाली फोन नंबरही.