दोघांची सही

डेलनं केस धरून तिचं डोकं टेबलावर आपटलं आणि पेन पुन्हा तिच्या बोटांत कोंबलं.

"सही कर, मिला."

मिलाग्रोसच्या फुटलेल्या ओठातलं रक्त कराच्या रिटर्नच्या कागदावर सांडलं. डेल शिव्या घालत ते बाहीनं टिपू लागला. नवरा-बायकोचं एकत्र रिटर्न, दोघांची सही लागणारं. त्याची सही झाली होती. त्याचा गॅरेजमधला पगार त्यात होता, नर्सिंग होमच्या धुलाईखान्यातला तिचा पगारही होता. तिच्या मायदेशातल्या इलोइलोच्या घराचं, तिच्या वडिलांच्या घराचं भाडं मात्र त्यानं कुठंच दाखवलं नव्हतं.

"भाडं लिही," ती म्हणाली. "त्याच्यावरचा कर मी भरते, सगळा. खोट्यावर सही नाही करणार."

तिनं इथल्या नागरिकत्वासाठी अर्ज केला होता. उन्हाळ्यात मुलाखत होती. लपवलेलं उत्पन्न उघडकीला आलं तर अर्ज जाणार होता, आणि त्याच्यामागून कदाचित तीही.

डेल हसला. "तुला काय वाटलं, मी करासाठी डोकं फोडून घेतोय? अगं बावळट, मला तुझी खोटी सहीच हवी आहे. नागरिक झालीस की दुसऱ्या दिवशी सोडून जाशील मला. ही सही असली की जातेस कुठं? एक फोन, की बसलीस विमानात."

"तूही अडकशील."

"मला दंड होईल. तुला हाकलतील."

बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढला. इकडं मारहाण सुरू झाली की सासू आवाज वाढवायची. मागं मिलाच्या बरगड्या मोडल्या, शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले, तेव्हा याच व्हर्नानं दारात उभं राहून सांगितलं होतं, "पाय घसरून पडली हो. वेंधळी आहे जरा." पोलीस गेल्यावर तिनं मिलाच्या छातीला पट्टी बांधली होती.

डेलनं मिलाला फरफटत शेगडीपाशी नेलं. गॅस पेटवला. तिचा डावा पंजा जाळावर धरला.

"सहीला उजवा पुरे," तो म्हणाला.

मिला किंचाळली. कातडीचा वास तिच्याच नाकात शिरला. उजव्या हाताला बिडाचा तवा लागला. तिनं तो उचलला आणि फिरवला. डेलच्या कानशिलावर बसला. तो कोलमडला. उठायला लागला तेव्हा तिनं त्याच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचं तिला ऐकू आलं. तो पालथा पडला, मग तो नुसता विव्हळत होता, तरी तिनं घातला. तिला थांबता येईना.

टीव्ही बंद झाला. व्हर्ना दारात आली. तिनं आधी मुलाकडं पाहिलं, मग सुनेकडं. जवळ येऊन तिनं मिलाच्या मुठीतून तवा सोडवून घेतला. आता हा आपल्या डोक्यात बसणार, म्हणून मिलानं डोळे मिटले.

दार धडाधड वाजलं. शेजाऱ्यांनी पुन्हा फोन केला होता. दोन पोलीस थेट आत शिरले.

"हिनं मारलं!" डेल जमिनीवरून ओरडला. "बेड्या घाला हिला! पाठवा हिला परत!"

पोलिसानं मिलाचा भाजलेला पंजा पाहिला, सुजलेला ओठ पाहिला. तरी त्याला विचारावंच लागलं. "बाई, याला तुम्ही मारलंत?"

खरं सांगायला मिलानं तोंड उघडलं. एवढं झाल्यावर खोटं कशाला?

"तिला काय विचारता?" व्हर्ना पुढं झाली. तवा तिनं अजून खाली ठेवला नव्हता. "मी मारलंय."

"मॉम!"

"गप्प बस," व्हर्ना म्हणाली. "तुझ्या बापाला मारायचं राहून गेलं होतं."