बटणांचा फोन

"एक बटण बदललं की झालं. ताई, चालता फोन कचऱ्यात कशाला?" दुरुस्तीवाला म्हणाला. पण तिला संध्याकाळपर्यंत थांबायचं नव्हतं. वडिलांचा जुना फोन तिने तिथल्याच भंगाराच्या खोक्यात टाकला आणि गुळगुळीत काचेचा नवाकोरा घेऊन दिला. "छान आहे," ते म्हणाले. पंधरवड्याने ते स्वयंपाकघरात घसरून पडले. शेजाऱ्यांनी दार तोडेपर्यंत दिवस कलला होता. दवाखान्यात ती रडकुंडीला आली. "फोन खिशातच होता ना, बाबा? मला का नाही लावलात?" "लावत होतो गं. काचेवर बोटांना काही सापडेना. वर्षभर मला धड दिसत नाही. जुन्यावर बटणं चाचपून लावायचो." "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" "इतक्या हौसेने आणलास, तुझा हिरमोड करवेना." तिने मान खाली घातली. ते त्यांना दिसलं नाही.